उरलेलं रक्त

माझ्या बायकोच्या मामांइतकं भरपूर बोलून इतकं थोडं रक्त काढणारा माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत दुसरा झाला नसेल. साठ सालाच्या आसपास ते तलासरीच्या एका दवाखान्यात रक्त तपासत आणि शेजारच्या टेबलावर मी केसपेपर लिहीत असे. सुई पाण्यात उकळत असे तेवढ्या वेळात मामा रोग्याला शीर म्हणजे काय, रक्त कुठून कुठे जातं, काढलेलं किती दिवसांत भरून येतं, हे सगळं सांगत. पाणी आटून जाई, मामा आटत नसत. मात्र ‘दुखणार नाही’ असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. धाकट्या डहाणूची एक मासळीवाली एकदा कंटाळून म्हणाली, "भाऊ, तुझं सांगणंच जास्त दुखतंय. टोच एकदाची." मामांनी हातातलं वाक्य शांतपणे पूर्ण केलं आणि मगच टोचलं.

एका सकाळी पाड्यावरचा एक म्हातारा लेकीच्या खांद्यावर हात टाकून आला. आठ दिवस थंडीताप, चालताना झोक जात होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तसा त्याने हात काखेत दाबून धरला. मामांचं निरूपण सुरू झालं आणि संपलं, तरी हात सुटेना. तेव्हा लेक हळूच म्हणाली, "आयेचं रगत असंच घेतलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात. ती घरी आलीच नाय."

मामा गप्प झाले. मी ते प्रथमच पाहत होतो. स्टूल ओढून ते म्हाताऱ्याजवळ बसले. शेवटी तोच म्हणाला, "तिचं रगत तिथंच रायलं. माझं परत देशील?"

"तपासायला थोडं लागेल, ते नाही देता येणार," मामा म्हणाले. "उरलेलं देईन."

म्हाताऱ्याने हात पुढे केला.

मलेरिया निघाला. दुपारी औषधाच्या पुड्यांबरोबर मामांनी बूच लावलेली छोटी बाटली कागदात गुंडाळून त्याच्या हाती दिली. डॉक्टर भडकले. "रक्त परत द्यायचा नियम कुठे आहे?"

"न द्यायचाही सापडला नाही, साहेब."

म्हाताऱ्याने ते झोपडीमागच्या ताडाच्या बुंध्याशी ओतलं, असं लेकीने पुढे सांगितलं. पंधरा दिवसांनी तो एकटाच चालत आला आणि मामांना नुसता बघून गेला.

निवृत्तीनंतर मामा मसोलीला राहत. एकदा भेटायला गेलो तर म्हणाले, "जावईबापू, ती पोर बोलली नसती तर मी बोलतच बसलो असतो आणि म्हातारा उठून गेला असता." मग म्हणाले, "असे किती उठून गेले असतील हो?"

मामींनी चहा आणला. मामांनी माझा कप पुढे सरकवला, त्यांचा तसाच निवत राहिला.