न चाललेली क्रेन

"चाललं ना? मग सुटं करू या."

एवढं म्हणून बाई स्क्रूड्रायव्हर उचलायच्या. टेबलावर पवनचक्की अजून गरगरत असायची, आम्ही शेजारी चहाचा कप हातात धरून कौतुकाने बघत असायचो आणि बाईंनी तिचा पहिला नट काढलेलाही असायचा. "अहो बाई, निदान फोटो तरी काढू द्या!" असं कुणी म्हणालं तर म्हणायच्या, "चालताना बघितलीत ना? मग फोटो कशाला?"

आमच्या डोंबिवली पूर्वेच्या इमारतीत त्यांना सगळे बाईच म्हणत. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्या वयाच्या बायकांना असतात ते छंद त्यांना नव्हते. त्यांच्याकडे होता तो भोकांच्या लोखंडी पट्ट्यांचा, दांड्यांचा, दातेरी चाकांचा आणि नटबोल्टांचा खेळ. त्यातून त्या घड्याळ बनवायच्या, हातमाग बनवायच्या, एकदा तर पायरी चढणारी गाडी बनवली होती. अशी माणसं तुमच्याही इमारतीत असतील. आपण त्यांना जरा विक्षिप्त म्हणतो आणि लाइट गेले की पहिली बेल त्यांचीच वाजवतो.

आता माझ्याविषयी. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणजे पदवीने. नोकरी पहिल्यापासून कॉम्प्युटरवरची. गिअर मला रोज दिसतो तो मोबाइलमधल्या सेटिंग्जच्या चित्रात. घरात पंखा कुरकुरला की मी बाह्या सरसावतो आणि बायको म्हणते, "तू हात लावू नकोस, मी माणूस बोलावते." लग्नाच्या वेळी हिच्या वडिलांनी इंजिनिअर जावई म्हणून पेढे वाटले होते. त्या पेढ्यांची ती मला अधूनमधून आठवण करून देते.

मुलीच्या वाढदिवसाला मी हौसेने तसाच एक संच आणला. तिने पहिल्याच दिवशी एक खुर्ची बनवली, "पप्पा, झालं," म्हणाली आणि डान्स क्लासला निघून गेली. संच माझ्या गळ्यात पडला. आमच्या खिडकीतून तेव्हा नव्या टॉवरांच्या क्रेन दिसायच्या. म्हटलं, आपणही क्रेन करू. पदवी आहेच.

क्रेन दिसायला झकास झाली. हँडल फिरवायचं, दोरा गुंडाळला जायचा आणि हुकाला लावलेला बटाटा वर यायचा, अशी योजना होती. मी हँडल फिरवलं. बटाटा जागेवर राहिला आणि आख्खी क्रेन आडवी झाली. बायकोने बटाटा उचलून कुकरला लावला.

मी क्रेन घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी ती निरखून पाहिली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. वर्गात फिरताना बांधत असतील तसे.

"इंजिनिअरसाहेब, बोल्ट पहिल्यापासूनच आवळलेत ना?"

"घट्ट असलेलं बरं ना, बाई?"

"आधी सगळं ढिलं ठेवायचं. दांडा मोकळा फिरतोय का बघायचं. मग एकेक आवळायचं. कुठला जास्त झालाय तो तुम्हीच शोधा. मी हात लावणार नाही."

मी शोधू लागलो. रविवारमागून रविवार जाऊ लागले. एक बोल्ट ढिला केला की दुसरा मी सवयीने आवळायचो, आणि क्रेन पुन्हा आडवी. बाई हात मागे बांधून शेजारी बसायच्या आणि हसू दाबायच्या. मला वाटतं, त्यांच्या शिक्षकी जन्मातला सर्वांत मठ्ठ विद्यार्थी त्यांना निवृत्तीनंतर मिळाला.

एकदा वैतागून मी क्रेन सुटी करायला घेतली. बाईंनी माझं मनगटच धरलं.

"न चालता सुटी करायची नाही."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी संच त्यांच्या थोरल्या भावाचा होता. मुलींनी त्याला हात लावायचा नाही, असा घरचा शिरस्ता. भाऊ खेळायला गेला की त्या गुपचूप बसायच्या, आणि तो परतायच्या आत प्रत्येक पट्टी होती तिथे ठेवायच्या. "किती तरी यंत्रं अर्धवटच मोडावी लागली हो," त्या म्हणाल्या. "तेव्हाच ठरवलं. आपला संच आला की एकही चालल्याशिवाय मोडायचं नाही."

मला एकदम भरून आलं. ते लपवायला मी आणखी एक बोल्ट आवळला.

पुढे इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. सगळे पांगलो. आम्ही डोंबिवलीतच मानपाड्याला भाड्याच्या घरात, बाई ठाण्याला मुलीकडे. आवराआवरीत बायकोने क्रेन भंगारवाल्याच्या ढिगात ठेवलेली बाईंनी पाहिली आणि उचलून घेतली. "माझ्याकडे राहू दे. येत जा ठाण्याला. चालली की न्या."

मी जात राहिलो. क्रेन त्यांच्या खिडकीपाशी होती. मी खटपट करायचो, ती आडवी व्हायची, बाई म्हणायच्या, "पुढच्या वेळी." शेवटी शेवटी त्या पलंगावर उशीला टेकून बसायच्या. हात मात्र मागे बांधता येत नव्हते, म्हणून पांघरुणाखाली घ्यायच्या.

नवी इमारत अजून अर्धीच वर आली होती, तेव्हा बाई गेल्या.

काही दिवसांनी त्यांची मुलगी आमच्याकडे आली. एका डब्यात बाईंचा सगळा संच होता, पट्ट्या लांबीप्रमाणे, चाकं दात्यांप्रमाणे लावलेली. जुन्या साडीत गुंडाळलेली माझी क्रेन तिने वेगळी काढली.

"आईने आपलं सगळं सुटं करून ठेवलं होतं," ती म्हणाली. "हिला कुणाला हात लावू दिला नाही. म्हणायची, ती अजून चाललेली नाही."

ती गेल्यावर मी क्रेन टेबलावर ठेवली. पहिल्यांदाच घाई न करता दांड्यावरून बोट फिरवलं, एकेक जोड हलवून पाहिला. आणि सापडला. हँडलच्या मागचा बोल्ट. त्याच्यामुळे पट्टी वाकडी ओढली गेली होती आणि दांडा दोन भोकांत अडकत होता. जरासा ढिला केला की झालं.

मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि खाली ठेवला.

क्रेन आमच्या टीव्हीशेजारी उभी आहे. पाहुणे विचारतात, "ही चालते का?" मी म्हणतो, "नाही, दोष सापडत नाही." माझा लौकिकच असा आहे, की सगळे लगेच विश्वास ठेवतात. बायकोही ठेवते.

कारण चालली, की सुटी करावी लागेल.