बोटवाल्या कुंदाताई

घर पाहायला आलेला भाडेकरू आधी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो. मग भाडं ऐकतो, आणि भाडं ऐकलं की त्याला भिंतीतली ओल दिसायला लागते. कुंदाताई आमची वरची खोली पाहायला आल्या तेव्हा त्यांनी यातलं काहीच केलं नाही. जिना चढून वर गेल्या, खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाल्या, "भाऊ, दुसरा दरवाजा कुठं हाय?"

"दुसरा कायले पाह्यजे?" मी म्हणालो. "एका खोलीले किती दरवाजे राह्यतात?"

"हा बंद झाला तं?"

"काहून बंद होईन?"

"खाली तुमची लाकडाची वखार हाय, अन् तुम्ही मलेच काहून म्हणता?"

मी नागपूरच्या लकडगंजात वडिलांच्या काळापासून लाकडाचा धंदा करणारा माणूस. आमच्या वखारीत आगीचं नाव काढत नाहीत, आणि या बाईनं उंबरठा ओलांडल्या ओलांडल्या तेच काढलं. मला असा राग आला की मी तिथल्या तिथे खोली द्यायची नाही असं ठरवून टाकलं. पण माझ्या बायकोनं, कमलनं, तोवर खाली चहा टाकला होता. कमलनं चहा टाकला की आमच्या घरात निर्णय झालेला असतो.

शेवटी मागच्या खिडकीला शिडी लावून द्यायचं ठरलं. मी अर्थातच लाकडाची केली, चांगली सागवानी. कुंदाताईंनी ती हलवून पाहिली, हात फिरवून पाहिला, म्हणाल्या, "शिडी झकास हाय भाऊ. आग लागली का पहिले हेच जळन." मग लोखंडाची आणली. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घराला लोखंडाची शिडी. अख्ख्या लकडगंजात माझं हसं झालं.

हळूहळू कळलं की ही बाई अर्धा जन्म बोटीवर होती. बोट म्हणजे नाव नव्हे. ती मोठाली प्रवासी जहाजं असतात ना, ज्यांच्यात थिएटरं असतात, पोहायचे तलाव असतात, एका वेळी आपल्या दोन-तीन गल्ल्यांतली माणसं मावतील एवढी, तसल्या जहाजांवर त्या खोल्या आवरायचं काम करत. माहेर कामठीचं. वडील यंत्रमागावर होते. लग्न फार टिकलं नाही, त्याबद्दल त्या "नवरा उतरून गेला मधातच" एवढंच सांगत. मग नागपुरातल्या एका हॉटेलात चादरी बदलायचं काम धरलं, आणि तिथूनच कोणाच्या तरी ओळखीनं थेट जहाजावर. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या पहिल्या दिवशी. त्याआधी त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कन्हान नदी, तेही बसच्या खिडकीतून.

आणि ऐका, त्यांना पोहता येत नव्हतं. वीस वर्षं समुद्रावर काढली, पण पोहायला काही शिकल्या नाहीत. मी एकदा डिवचलं, तर म्हणाल्या, "पोहून जायचं कुठं होतं भाऊ? नागपूरले?"

एका रविवारी कमलनं हट्टानं त्यांना फुटाळ्याला नेलं. तिची कल्पना अशी की बिचारीला पाण्याची आठवण येत असेल. कुंदाताई तलावाकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलेल्या बाकावर बसल्या आणि निवांत भुट्टा खाल्ला. कमल म्हणाली, "तिकडं पाहा ना वं ताई, पाणी किती छान दिसून राहिलं." त्या म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी कोणी आपलं ऑफिस पाहाले जाते का वहिनी?"

त्यांच्या हाताला स्वस्थ बसायची सवय नव्हती. आमच्याकडे सणाला आल्या की जेवण होईपर्यंत आमच्या पलंगांच्या चादरी ताणून झालेल्या असत, अशा की झोपायला जीव होऊ नये. टॉवेलाचे हत्ती, बदकं, ससे करून उशांवर बसवत. जहाजावर पाहुण्यांना त्याचं फार कौतुक. माझी नात घरी आली की ती त्यांनी केलेला हत्ती मोडू द्यायची नाही, आणि मला आंघोळीनंतर अंग पुसायला टॉवेल मिळायचा नाही. ओरडलो की कमल म्हणायची, "हत्ती हाय तो. थांबा थोडं."

आता बुडण्याचं सांगतो. कुंदाताई दोन जहाजांच्या बुडण्यातून वाचल्या. हे मला कळलं तेव्हा मी पहिल्यांदा काय म्हणालो असेन? "म्हणजे पायगुण तुमचाच." त्या खदखदून हसल्या. दुसरी एखादी असती तर खोली सोडून गेली असती.

पहिलं जहाज कुठल्याशा थंड मुलखात खडकावर चढलं. दुपारच्या चहाची वेळ. कपबशा एका बाजूला घरंगळल्या तेव्हा त्यांना समजलं. अशा वेळी खोल्या आवरणाऱ्या बायकांनी काय करायचं ते ठरलेलं असतं. आपापल्या कॉरिडॉरमधली एकेक खोली उघडायची, पलंगाखाली पाहायचं, न्हाणीत पाहायचं, कपाटात पाहायचं, माणूस असेल तर बाहेर काढायचं, आणि खोली रिकामी झाली की दाराच्या मुठीला टॉवेल अडकवायचा. टॉवेल म्हणजे इथं कोणी उरलं नाही, मागून येणाऱ्यानं वेळ घालवू नये. एक म्हातारी बाई केसांचा टोप घातल्याशिवाय बाहेर यायला तयार नव्हती. टोप सापडेना. कुंदाताई सांगत, "मी म्हटलं, मॅडम, चला, खाली सगळ्याइचेच केस ओले होणार हायेत. तं हासली बिचारी अन् निंघाली."

त्या खेपेला घरी आल्या त्या कोणीतरी दिलेल्या पुरुषी कोटात. त्यांच्या आईनं, अनसूयाबाईनं, दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पोटभर जेवू घातलं आणि काही महिन्यांनी स्वतःच बसमध्ये बसवून दिलं. बाई हिमतीची होती.

दुसऱ्या वेळी मात्र तसं झालं नाही. या जहाजाच्या इंजिनात आग लागली. दिवे गेले, धूर कोंडला, आणि जहाज एका कुशीवर होत गेलं. त्या वेळी सगळे वाचले नाहीत. कुंदाताई त्याबद्दल एकच वाक्य बोलायच्या, "माह्या कॉरिडॉरमधले सगळे निंघाले." पुढे विचारायचं नाही हे आम्ही शिकलो. त्यांना स्वतःला दोरांच्या जाळीवरून खाली होडीत उतरवलं. इकडे कामठीत अनसूयाबाई शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून होत्या. टीव्हीवाले तेच ते कललेलं जहाज पुन्हा पुन्हा दाखवत होते. दोन दिवस पोरीचा पत्ता नव्हता, आणि दोन दिवस ती माउली अन्नाला शिवली नाही.

कुंदाताई घरी पोचल्या तेव्हा आईनं भाकरीचा तुकडा ओवाळला नाही. पोरीचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हण, माह्या मायची शपथ, आता बोटीवर जाणार नाही." कुंदाताईंनी म्हटलं. त्या वेळी त्या काहीही म्हणाल्या असत्या.

आपल्याकडे ही शपथ कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिच्या डोक्यावर हात ठेवला तिच्या जिवाची ती शपथ. आणि जिनं घातली तिनंच "सुटली" म्हटलं तर ती सुटते, दुसऱ्या कोणाच्या म्हणण्यानं नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी हा खेळ केलाय. कुंदाताईंच्या गळ्यात मात्र तो खेळ म्हणून आला नव्हता.

म्हणून त्या नागपुरात एका हॉटेलात कामाला लागल्या, आमची खोली घेतली आणि आईला घेऊन आल्या. चारचौघींसारखं चालू होतं. पण त्यांचं मन लागलं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, मले पुन्हा वीस वर्षं नाही करायची. एकच फेरी पाह्यजे. इतकी वर्षं इमानानं काम केलं, अन् माहं काम त्या जाळीवरून लोंबकळत संपलं. काम संपल्यावर जसे सगळे उतरतात ना, हात मिळवून, जिन्यावरून, आपल्या पायानं, तशी मी उतरीन. मंग बस. मंग घरी बसून पापड लाटतो."

"मग जा ना," मी म्हणालो. "शपथेले काय धरून बसता? दोन जहाजं बुडताना पाहिली तुम्ही, अन् शपथेले भेता?"

"जहाजाले मी शब्द नव्हता देल्ला भाऊ."

लाकडाच्या धंद्यात असा जबाब देणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही.

"मंग मायले म्हणा ना, सोड म्हणून," कमल म्हणाली. आणि इथंच सगळं अडलेलं होतं. सहा महिने, वर्षभर कुंदाताई धीर करून विचारायचं पुढे ढकलत राहिल्या, आणि तेवढ्यात अनसूयाबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. एक दिवस कुंदाताईंनी विचारलंच, "माय, ते शपथ सोडतं का वं?" तर म्हातारी म्हणाली, "कोनती शपथ?" जी शपथ घातलेलीच आठवत नाही, ती सोडणार कशी?

कमलला हे सहन होईना. तिनं एका दुपारी संत्रा बर्फीचा पुडा आणला, अनसूयाबाईंच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, म्हणा बरं, सुटली." म्हातारीनं बर्फीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुटली." कमलनं बर्फी दिली. म्हातारीनं ती खाल्ली आणि आपणहून पुन्हा म्हणाली, "सुटली." मग आणखी एकदा. कमल माझ्याकडे असं पाहत होती, जसा काही किल्ला सर केला. कुंदाताई आधी हसल्या, मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "वहिनी, तिनं बर्फीसाठी म्हटलं जी." आणि उरलेली बर्फी आईच्या ताटलीत ठेवून कामाला लागल्या.

त्यानंतर बोटीचा विषय निघाला नाही. कुंदाताई आईचं सगळं करत. सकाळी पाणी घेऊन वर आल्या की खोलीच्या दारावर टकटक करून मगच आत जात, पाहुण्यांच्या खोलीत जातात तसं, कारण आई आता त्यांना लेक म्हणून ओळखत नव्हती आणि अनोळखी बाई एकदम आत आली की घाबरायची. म्हातारीला वाटायचं, हे एक हॉटेल आहे आणि ही इथली कामवाली बाई आहे. म्हातारी मग आपल्याच लेकीला अहोजाहो करायची. मला हे पाहवत नसे, मी वखारीत निघून जायचो.

त्या दिवशी मी वरच्या खिडकीची चौकट बसवायला गेलो होतो, म्हणून माझ्या कानांवर आलं. ऊन कोवळं होतं. कुंदाताई आईच्या केसांना तेल लावत होत्या. म्हातारी एकाएकी म्हणाली, "बाई, तुमी लय चांगलं काम करता. माही पोरगीबी हेच काम करते. बोटीवर."

कुंदाताईंचा हात थांबला नाही. "हो का जी?" त्या म्हणाल्या.

"हो. लय हुशार हाय. दुनिया पाह्यली तिनं." मग म्हातारी खिडकीतल्या उन्हाकडे पाहत बसली. मला वाटलं, विसरली. तेवढ्यात म्हणाली, "मी तिले शपथ घातली होती, बाई. भेवापोटी. टीव्हीत पाह्यलं ना, तं जीव उडून गेला माहा. पण मी चुकली. तिचं मन नाही लागत घरी, मले दिसत होतं. तुमी इतक्या ठिकानी जाता, तुमाले कुठं भेटली तं सांगजा तिले. मायनं सोडली म्हणा. सुटली म्हणा."

मी हातातला हातोडा खाली ठेवला. कुंदाताई मागे बसल्या होत्या म्हणून बरं, आईला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि ते मी इथं लिहिणार नाही.

"सांगतो जी," त्या म्हणाल्या. "भेटली का सांगतो." आणि तेल लावत राहिल्या.

त्यानंतरही त्या गेल्या नाहीत. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी बॅग भरतील. मी तसं म्हणालो तर माझ्यावरच डोळे वटारले, "हिले सोडून? तुमचं डोकं ठिकानावर हाय का भाऊ?" आई असेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. पण बाई बदलली होती. जिन्यात गुणगुणणं ऐकू यायला लागलं. अनसूयाबाई पुढच्या थंडीत झोपेतच गेल्या, लेकीचा हात हातात होता. तेव्हाही तिला ती हॉटेलातली बाईच वाटत होती की शेवटी ओळखलं, हे कुंदाताईंनाही सांगता आलं नाही.

उन्हाळ्यात एका जहाजावरून बोलावणं आलं. वय झालं होतं, पण नव्या पोरींना शिकवायला जुन्या बाईची गरज होती. डॉक्टरी तपासणीत पास झाल्या. आम्ही दोघं त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. मी उगाच हमालाशी भांडलो, डब्यातल्या पंख्याला नावं ठेवली. कमल पुऱ्यांचा डबा छातीशी धरून उभी होती आणि तो द्यायचं तिच्या लक्षातच येत नव्हतं. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. अनसूयाबाईंच्या जागी आता टीव्हीसमोर आम्हीच बसणार होतो.

गाडीनं शिट्टी दिली. कमलनं खिडकीच्या गजातून हात घातला आणि कुंदाताईंचा हात घट्ट पकडला. "ताई," ती म्हणाली, "तुमाले माही..."

मी कमलकडे पाहिलं. कुंदाताईही पाहत होत्या, हात सोडवून न घेता.

कमलनं गाडीबरोबर दोन पावलं टाकली. "माही आठवण आली का फोन करजा," ती म्हणाली, आणि तिनं हात सोडला.