राजा म्हणाला, "उद्या या"

"ऐंशीव्या वाढदिवसाला काय हवं?" विचारल्यावर बाबा म्हणाले, "बदलापूर." आईने कपाळाला हात लावला. तरुणपणी बाबा तिकडच्या एका पालिकेत कारकून होते. पालिकेच्या नाट्यमंडळात आपण राजा झालो होतो, असं ते सांगायचे. प्रयोग एकच, फोटो नाही, त्यामुळे घरात कुणाचाच विश्वास नव्हता. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावूच.

पुण्याहून पहाटे निघालो, कर्जतमार्गे थेट उल्हासनगर. तिथलं सिंधी दाल-पकवान खायचं तर दहाच्या आत पोचा, नंतर नुसती दालच उरते. बाबांनी दोन प्लेट हाणल्या.

अंबरनाथच्या शिवमंदिरात मात्र त्यांचा विचार बदलला. "सोनिवलीला नको जाऊया," म्हणाले. तिथे, बदलापुरातच, त्यांचे जुने प्रॉम्प्टर म्हात्रेकाका राहतात. बरंच खोदून विचारल्यावर कळलं. दरबारात गाऱ्हाणं घेऊन शेतकरी आला आणि राजेसाहेब खिडकीवरच्या सवयीने बोलून गेले, "अर्ज ठेवून जा. साहेब जागेवर नाहीत, उद्या या." सगळं थिएटर हसलं. लाजेने बाबांनी मंडळ सोडलं, पुढे पुण्यात नोकरी धरली आणि पुन्हा इकडे फिरकलेच नाहीत. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं.

तरी गाडी मी सोनिवलीलाच नेली. नव्या इमारतींत म्हात्रेकाकांचं घर सापडायला तीन जणांना विचारावं लागलं.

"काय रे राजा, आत्ता आलास?" काकांनी मिठीच मारली. मग चहाबरोबर मंडळाचा इतिहास निघाला. राणी घरपट्टी विभागातली, पडदा ओढायला अग्निशमनचा ड्रायव्हर, सिंहासन म्हणजे मखमल टाकलेली मोठ्या साहेबांची खुर्ची. काकांनी कपाटातून नाटकाची वही काढली. समासात लाल शाईने लिहिलं होतं, "उद्या या."

"तुझं वाक्य ठेवलं आम्ही. मंडळ बंद पडेपर्यंत प्रत्येक राजा हेच बोलला. लोक त्याच्यासाठीच यायचे. तुला कळवणार कुठे, पत्ता ठेवलास का?"

बाबा त्या पानावरून बोट फिरवत राहिले. डोळे पुसले आणि लहान मुलासारखे हसले.

रात्री घरी आईला पानाचा फोटो दाखवला. तिने तो दोनदा वाचला. "इतकी वर्षं तुम्हाला थापाड्या म्हणत आले हो मी," म्हणाली. मग पदर सावरून वाकली, "महाराज, दळण आणायचंय."

बाबा खुर्चीत ताठ बसले. "उद्या या."

दळण दुसऱ्या दिवशी मीच आणलं.