दादाजी सेलोकरांचा डावा हात

आसगावात भात पिकतो आणि भातच खातात. गव्हाची कणीक मळायची ती जावई आला तर. दादाजी सेलोकरांच्या घरी मात्र ती दर गुरुवारी मळली जायची, आणि जावयाचा पत्ता नसायचा. त्या ओल्या कणकेचा गोळा मृदंगाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, थापला की चामडं जड व्हायचं आणि आवाज खाली, पार पोटात उतरायचा.

"पावण्याले भात अन् मृदंगाले पोळी!" बायको सत्यभामाबाई म्हणायच्या. "पोरगी बी त्यालेच द्याले पायजे होती जी."

दादाजींना राग येत नसे. तीस वर्षं धान लावून नाव झालं नव्हतं, ते डाव्या हातानं केलं होतं. मारुतीच्या देवळात त्यांची थाप पडली की फरशीवर बसलेल्यांना ती आधी बैठकीतून कळे आणि मग कानांतून. म्हातारी माणसं तर म्हणत, कानाला कमी ऐकू येतं खरं, पण दादाजी येतो.

१९८४ साली भजन मंडळाचे अध्यक्ष कृष्णराव निंबार्ते यांना नागपूरच्या जावयानं एक टेप दिला. वहीएवढा. आवाज भरून घ्यायचा, पण स्पीकर नाही. ऐकायचं तर कानाला हेडफोन लावायचा. आजवर गावात भजन झालं की सगळ्यांना एकदमच ऐकू येई, ही मोठी गैरसोय होती. जो तो मत द्यायचा. आता ऐकणारा एक, म्हणून मतही एक.

कृष्णरावांच्या डोक्याला कानांवरून दुपट्टा बांधलेला असे, हिवाळा असो की वैशाख. अध्यक्षानं देवळात डोकं उघडं करायचं नाही, म्हणून हेडफोनही दुपट्ट्यावरूनच चढला. एका गुरुवारी त्यांनी भजन भरून घेतलं, डोळे मिटून ऐकलं आणि मंडळासमोर हळहळले.

"दादाजी भाऊ, तुमचा डावा हात येऊनच नाही राहिला."

"काहून? वाजवला तं होता."

"वाजवला असंल. यंत्रात नाही. वय झालं आता. पवनीच्या स्पर्धेले महिना राह्यला. आपला श्रावण बसंल मृदंगावर."

श्रावण म्हणजे कृष्णरावांचा तिशीतला भाचा. कणीक लावायचा कंटाळा असल्यानं त्याची धूम पत्र्यावर गारा पडल्यासारखी वाजे. यंत्राला ती लख्ख ऐकू आली होती.

"मले एक गुरुवार द्या," दादाजी म्हणाले. मृदंगामागची जागा गेली तर देवळात बसायचं कुठं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. टाळ त्यांना येत नव्हते आणि गळा तर देवानंच परत मागून घेतला होता.

पुढच्या गुरुवारी लिंबाएवढा गोळा संत्र्याएवढा झाला. धूम अशी घुमली की पेटीवाल्या सोमाजींचा हात सुरावरून सरकला. "बापा बापा, पोटातला भात हालला नं माहा!" ते म्हणाले. कृष्णरावांनी दुपट्ट्यावरून ऐकलं आणि मान हलवली.

"मागच्यापेक्षा बी कमी."

आवाज जितका खाली जाई तितका तो यंत्रातून कमी ऐकू येई. दादाजींना हे माहीत नव्हतं. आपलं म्हातारपण आठ दिवसांत इतकं पुढं कसं गेलं, एवढंच त्यांना कळेना.

"मले ऐकू द्या," ते म्हणाले.

"नाजूक वस्तू हाये."

"मी का तिले नांगराले जुपून राहिलो? पाच मिनिटं द्या."

मंडळानंही गलका केला, म्हणून हेडफोन त्यांना मिळाला. उघड्या कानांवर सैल बसला. टाळ आले, पेटी आली, उजव्या हाताची काठावरची चाट आली. डावा हात नाही. जिथं थाप पडायला हवी तिथं नुसती ढेकूळ फुटल्यासारखी टप. लोक खोटं बोलतील, पण हा तर आपलाच कान! घाबरून त्यांनी दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबले.

धूम्म.

हात सैल केले, गेली. दाबले, आली.

चामडं वाजवणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. मृदंगाचं चामडं ताणून धरणारी वादी ढिली पडली, कडेला फट राहिली, की उजव्या हाताचं कुरकुरणं चालू राहतं, पण खर्ज आधी पळतो. कानाशी फट राहिली तर तेच.

"कृष्णराव भाऊ, हात हाये! फटीतून वारा जाऊन राहिला. दुपट्टा सोडा अन् दाबून ऐका."

सोमाजींनी दाबून ऐकलं. "हाये बापा!" टाळकऱ्यांनी ऐकलं. हाये. श्रावणनंही ऐकलं आणि मामाकडं बघून घाईघाईनं "नाही येत" म्हणाला.

कृष्णरावांनी शांतपणे पिशवीतून हेडफोनचं खोकं काढलं. त्यावर एक गोरी बाई हेडफोन लावून हसत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"हे कंपनीचं चित्र हाये. या बाईनं कुठी दाबलं? तिले दाबावं नाही लागत, तं मले कायले लागंल?"

खोकं सगळ्यांच्या हातांतून फिरलं. बाई खरंच निवांत होती. शेवटी ठरलं की पुढच्या गुरुवारी अखेरची परीक्षा, बाई बसते तसं बसून.

घरी दादाजी परातीसमोर येऊन बसले.

"किती मळू?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"बोराएवढी."

"एवढ्यानं तं मुंगी बी जेवाची नाही!"

"मुंगीच हाये समोर. खर्ज पचत नाही तिले."

गुरुवारी दादाजींनी बोराएवढ्या कणकेवर असं वाजवलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. टप टप, टप टप. सोमाजी पेटीआडून डोळे मोठे करून बघत होते. कृष्णरावांचा चेहरा मात्र दुपट्ट्यात खुलला.

"आता कसा बोलला! माणसाले टोकलं का सुधरते. पवनीले तुमीच बसा."

पवनीच्या मंडपात दादाजींनी संत्र्याएवढा गोळा थापला. पहिली थाप पडली तशी सतरंजीवरची माणसं सावरून बसली. परीक्षकांच्या टेबलावरचं पाणी पेल्यात थरथरलं. पुढच्या रांगेत कृष्णराव टेप चालू करून, हेडफोन चढवून बसले होते. अख्ख्या मंडपात धूम फक्त त्यांनाच ऐकू येत नव्हती. ते हातवारे करत होते, वाजवा, वाजवा! दादाजी वाजवत होते.

दुसरा नंबर आला. परीक्षकांनी मृदंगासाठी माइकवरून दादाजींचं नाव घेतलं. कृष्णरावांनी टाळ्या वाजवल्या, पण परतीच्या एसटीत ते दादाजींशेजारी येऊन बसले.

"राग नोका मानू, पण डावा हात आजही आला नाही. आला असता तं पहिला नंबर होता."

"मंग परीक्षकाईनं माहं नाव काहून घेतलं जी?"

"त्याईले यंत्र कुठी हाये? उघड्या कानानं ऐकतेत बिचारे."

पुढं कृष्णराव नऊ वर्षं अध्यक्ष राहिले आणि दादाजी नऊ वर्षं मृदंगावर. दर गुरुवारी दुपारी सत्यभामाबाई परात घेऊन एवढंच विचारत, "आज कोनासाठी मळू जी, देवासाठी का यंत्रासाठी?"

"निंबार्ते गावात हायेत?"

"नागपूरले गेले, जावयाकडं."

"मंग मळ बिनधास्त," दादाजी म्हणत, "देव घरीच हाये."