निर्व्यसनी काकाजी

काकाजी तोंडाचा वास घ्यायचे. लग्नात, बारशात, कुठंही. एखादा पोरगा पाया पडायला वाकला की आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवून ते नाक हळूच पुढं आणायचे, आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा जरा दर्प आला की चारचौघांत त्याची सालटी काढायचे. स्वतः सुपारीचं खांडही कधी न खाल्लेला माणूस. अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या गल्लीत सोयरिकीची चौकशी करायला कोणी आलं, तर "पोरगा काकाजींच्या नजरेखालचा आहे" एवढं सांगितलं की काम व्हायचं.

मी वाचायला शिकलो तो त्यांच्या दारूबंदीच्या पत्रकांवर. पिवळा कागद, लाल अक्षरं आणि दुकानदारापासून आमदारापर्यंत सगळ्यांना सरळ सवाल. "जाहिरात दिसली का पयले इचारा, याच्यात कोनाचं पोट भरते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आजही मला यापेक्षा कामाचा प्रश्न सापडलेला नाही. काकाजींनी तो स्वतःच्या मोबाइलला तेवढा विचारला नाही.

कारकुनीतून निवृत्त झाल्यावर ते मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायला लागले. कोणी हटकलं तर म्हणायचे, "हा नशिबाचा खेळ नाही, डोक्याचा हाये." हे वाक्य खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीतलं, जसंच्या तसं. जन्मभर दारूवाल्यांच्या जाहिरातींची चिरफाड करणारा माणूस पत्तेवाल्यांची जाहिरात पोपटासारखी म्हणत होता. पुढं अशा खेळांवर कायद्यानं बंदी आली, तेव्हा काकूंना वाटलं, सुटलो. पण थोड्याच दिवसांत काकाजींना कोणीतरी दुसरी लिंक पाठवली. बेकायदा दारूचा गुत्ता दाखवा, मोर्चा नेतो, म्हणणारे काकाजी आता बेकायदा गुत्ता खिशात घालून फिरत होते.

आणि कोणाला संशय आला नाही. का यावा? आमच्याकडे व्यसन म्हणजे ज्याचा वास येतो ते. वास नाही, झोकांडी नाही, गटारात लोळणं नाही, मग माणूस निर्मळ! मी गल्लीत एक-दोघांकडे विषय काढला तर ते मलाच हसले. काकाजी? अरे, ते तर चहासुद्धा पीत नाहीत.

काकूंनी मात्र ओळखलं, आणि तेही बिनकामाच्या खोट्यावरून. जेवले नसले तरी जेवलो म्हणायचे. न्हाणीघरात मोबाइल घेऊन जायचे, बाहेर आले की तो पालथा ठेवायचे. जिला खांद्यावर बसवून मिरवणुका दाखवल्या त्या नातीनं हात ओढला, तर तिच्यावर खेकसायचे. हरले तर गेलेलं परत आणायला खेळायचे, आणि जिंकले तर आज हात चांगला आहे म्हणून. शेवटी नातीच्या शिक्षणासाठीची ठेव त्यांनी गुपचूप मोडली, ते उघड झालं. त्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं.

"बापू, तुले याईचं पत्रक पाठ हाये न? दारुडा कसा वयखाचा, थे. म्हन याईच्या समोर."

मी म्हटलं. तो लपवतो. तो चिडतो. तो आजचं शेवटचं म्हणतो. तो घरातलं विकतो आणि शपथ घेतो. काकाजी खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत होते. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पत्रकात दारू लिवली हाये. मोबाइल कुठं लिवला हाये?"

काकूंनी फार वाद घातला नाही. डॉक्टरला दाखवा, नाहीतर मी नातीला घेऊन बहिणीकडे अकोल्याला चालले, एवढंच त्या म्हणाल्या. काकाजी कबूल झाले, पण अमरावतीत नको, इथं सगळे ओळखतात. म्हणून अकोल्याचा सरकारी दवाखाना ठरला. तोंडाला दुपट्टा बांधून ते माझ्यासोबत एसटीत बसले. मानसोपचार विभागाबाहेर नंबर लावला. गरम झालं म्हणून त्यांनी दुपट्टा सोडला, आणि तिथंच घात झाला. बाळापूरचा एक कापड दुकानदार दारू सोडण्याच्या उपचारासाठी आला होता. त्यानं हात जोडून विचारलं, "काकाजी, भाषन द्याले आले काय?"

काकाजी हो म्हणाले. नुसतं हो म्हणून थांबले नाहीत, उभे राहून खरंच भाषण ठोकलं. व्यसन म्हणजे काय, मनाचा निग्रह म्हणजे काय. आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला, तर हातानं थांबा अशी खूण करून पुढं बोलत राहिले. बाकावरच्या आजारी माणसांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांची वेळ संपली आणि निर्व्यसनी काकाजी तपासून न घेताच परतले. एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसलो. ते मात्र खुशीत होते. भाषण रंगलं होतं ना!

काकूंनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि नातीला घेऊन अकोल्याला गेल्या. रिकाम्या घरात काकाजी काही आठवडे खेळले, हरले, आणि एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "चाल."

पुन्हा तोच बाक, आणि तो दुकानदारही. या वेळी त्याला काकाजींच्या हातातली नंबराची चिठ्ठी दिसली. काकाजी सवयीनं उठायला लागले तसा त्यानं त्यांचा दंड धरला. "मले तुमी भरल्या सभेत उभं केलं होतं, काकाजी. तुमाले इथं कोनी उभं करून नाही राह्यलं. बसा फक्त."

काकाजी बसले. पुकारा झाल्यावर आत गेले. डॉक्टरांनी त्यांना उपदेश केला नाही. हा आजार आहे, दारूइतकाच खरा, आणि याच्यावर इलाज आहे, असं सांगितलं. पैशाचे व्यवहार काकूंकडे, हातात बटणांचा साधा फोन, ठरल्या दिवशी डॉक्टरांशी बोलणं आणि रविवारी व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांच्या बैठकीला जाणं. मध्ये एकदा पाय घसरला, तेव्हा ते स्वतःहून काकूंना सांगायला गेले.

मग, ज्याची पत्रकं काकाजी लिहायचे आणि ज्यात मीही काम करायचो, त्या आमच्या व्यसनमुक्ती मंडळाची वार्षिक सभा आली. काकाजी म्हणाले, यंदा मी माझंच सांगतो. सचिव म्हणाले, "काकाजी, आपला विषय दारू हाये. घरचं घरात राहू द्या." बोलताना सचिवांचा मोबाइल टेबलावर पालथा होता. जोवर हा माणूस खोटा होता तोवर याला हार घातले, आणि खरं बोलतो म्हणाला तर कार्यक्रमपत्रिकेतून नाव कापलं. असली मंडळं व्यसन सोडवत नाहीत, फक्त वास झाकतात. मी त्याच दिवशी सचिवांच्या तोंडावर राजीनामा फेकला. काकाजी भांडलेसुद्धा नाहीत. राजापेठेतलं घर आवरून अकोल्याला गेले. काकूंनी दार उघडलं, पण ठेवीचा विषय सोडला नाही. तो सोडूही नये.

एकदा बैठकीवाले घरच्यांना घेऊन या म्हणाले आणि काकाजींनी मलाही बोलावलं, म्हणून मी त्या रविवारच्या बैठकीला गेलो. सतरंजीवर माणसं गोल बसली होती. काकाजींची पाळी आली. मी ज्यांना ध्वनिक्षेपकाशिवाय तासन्‌तास मैदान गाजवताना ऐकलंय, त्यांचा आवाज शेजाऱ्यापर्यंत जेमतेम पोचत होता.

"मी पैसे लावून खेळत होतो. या हप्त्यात नाही खेळलो."

एवढंच बोलले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारी एक बाई होत्या. काकाजी जरा सरकले, आणि त्या बोलायला लागल्या.