चोरखिसा

आज पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट आईचं हिरवं लुगडं हाती आलं. त्याच्या पदराचा एक कोपरा कापलेला आहे.

धाकटी बहीण नंदा लग्न होऊन जर्मनीला निघाली, त्याच्या आदल्या दुपारी आईने तो कापला. धामणगावच्या ओसरीवर बसून ती नंदाच्या परकराला आतून चोरखिसा शिवत होती, परक्या मुलखात पोत आणि पाटल्या अंगावरच राहाव्यात म्हणून. एकेक टाका घालायची, ओढून बघायची, त्यावर पुन्हा घालायची. माझ्या लग्नात तिने साधं बटणही लावून दिलं नव्हतं.

"मले काऊन नाही शिवला, माय?"

"तुले कायले पाह्यजे? तू तं इथंच हायेस, माह्याजवळ."

जवळ राहिल्याचं हे बक्षीस मला फार झोंबलं.

आता आई नाही. मघाशी नंदाला फोन केला. तिचं सोनं केव्हाच बँकेच्या लॉकरमध्ये गेलंय.

"मंग त्या खिशाचं काय केलं?"

"परकर फाटला वं, पण खिसा कापून ठेवला. मायचे टाके हायेत त्याच्यात."

अख्खं लुगडं माझ्या मांडीवर पडलंय, आणि मी अजून जळतेय ती त्या वीतभर तुकड्यावर.