ल्यूकन ते न्यूकॅसल, स्वस्तात

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत हो. एखादा माणूस हट्टाने तेच तेच करत राहिला, की ते आपोआप साठतात. ल्यूकनला आमच्या गल्लीत चार मराठी घरं, दर रविवारी कुणाच्या तरी किचनमध्ये चहा, आणि आमचा असा माणूस म्हणजे मंदार.

मंदार कोल्हापूरचा, सॉफ्टवेअरवाला, माझ्या शेजारच्या दारात राहतो. बायको गौरी डॉक्टर. वॉटरफोर्डला नोकरीला होती तोवर ठीक होतं. मग तिला समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला सहा महिन्यांचं ट्रेनिंग मिळालं. चार वर्षं त्यासाठी धडपडली होती बिचारी, आणि निघायच्या आदल्या दिवशी माझ्याच किचनमध्ये बसून रडली. मंदारला म्हणाली, "एकाआड एक शुक्रवारी तू यायचंस. एक जरी चुकवलास तर मी ट्रेनिंग सोडून परत येईन."

गौरी बोलते ते करते. चार वर्षांची मेहनत एका शुक्रवारपायी जाईल, या भीतीने मंदारची झोप उडाली.

त्यात त्याच्या कानाच्या पडद्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून विमान बंद. उरली सकाळची बोट, आणि पलीकडे होलिहेड बंदरापासून ट्रेन. त्या ट्रेनचं भाडं ऐकलं की चालत गेलेलं बरं वाटतं. मग काय, पठ्ठ्या स्वस्ताच्या मागे लागला.

*

पहिला शोध असा, की लांबचं एकच तिकीट महाग पडतं, पण त्याच ट्रेनची तुकड्यातुकड्यांची तिकिटं स्वस्त मिळतात. मंदारने प्रवासाचे सहा तुकडे केले. आता प्रत्येक तिकिटावर सीट नंबर वेगळा! डबा अर्धा रिकामा होता, पण नियम म्हणजे नियम. दर स्टेशन आलं की हा बॅग, लॅपटॉप आणि कोट उचलून दुसऱ्या सीटवर. पुढचं स्टेशन, पुन्हा तेच.

शेवटी समोरच्या आजींनी खालच्या आवाजात विचारलं, "माझं काही चुकलं का?"

*

मग त्याला एक कार्ड सापडलं. ठरलेल्या दोघांनी मिळून प्रवास केला तर दोघांनाही एक तृतीयांश सूट. मंदार खूश! तेव्हा त्याची आई कोल्हापूरहून आलेली होती. काकूंना स्वेटरवर स्वेटर चढवून बोटीत बसवलं, ट्रेनमध्ये बसवलं. लेक आपल्याला विलायत दाखवतोय म्हणून त्या अर्ध्या रस्त्यापर्यंत भरून पावल्या होत्या. मँचेस्टरनंतर याने कौतुकाने कार्ड दाखवलं आणि सवलतीचं गणित समजावलं.

काकूंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे एकाचं तिकीट महाग पडतंय म्हणून दोघांचं काढलंस व्हय रं?"

ते कार्ड तेव्हापासून किचनमधल्या प्रेसमध्ये, मसाल्याच्या डब्यांमागे पडून आहे. इथल्यांचं ऐकून आम्ही कपाटाला आता प्रेसच म्हणतो.

*

मंदार नेमाने जातो ही बातमी फुटली, आणि "जातोच आहेस तर" सुरू झालं. किलकेनीच्या नीताताईंची बहीण यॉर्कला. ट्रेन तिथे दोन मिनिटं थांबते. नीताताईंनी मेतकुटाचा डबा दिला. मंदारने दारातूनच तो बहिणीच्या हातात ठेवला. पण आपल्याकडे रिकामा डबा परत करतात का कधी? पुढच्या खेपेला त्यात चिवडा आला. मग चिवड्याच्या बदल्यात लाडू आले, आणि डब्याची बरणी झाली. चौथ्या खेपेला नीताताईंनी पाच लिटरचा कुकर भरून दिला.

कुकर जड, म्हणून मंदार खाली उतरला. बहीण झाकण घट्ट आहे ना ते बघत होती, तेवढ्यात दारं मिटली. मंदार यॉर्कला आणि बॅग न्यूकॅसलला. स्वस्तातलं तिकीट नेमकं त्याच ट्रेनपुरतं, त्यामुळे पुढच्या गाडीचं पूर्ण भाडं भरलं. गौरीने स्टेशनवर बॅग ताब्यात घेतली आणि फोन केला, "बॅग वेळेवर आली. तुला काय झालं?"

तो शुक्रवार तिने अर्धा धरला.

*

मग आला तो संपाचा शुक्रवार. चेस्टरपुढच्या ट्रेन बंद, बसेस फुल्ल. चेस्टर स्टेशनवर अडकलेला मंदार फोनवर रडवेला झाला होता, खोटं कशाला सांगू. माझ्या नवऱ्याने तिकडच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला आणि चेस्टरचेच सबनीसकाका सापडले. रिटायर्ड इंजिनियर. एकाआड एक शुक्रवारी भावाकडे गाडी घेऊन जातात, तेही न्यूकॅसललाच!

काकांनी गाडीत बसल्याबसल्या विचारलं, मूळ गाव कुठलं, शिक्षण काय, पगार किती, उंची किती, गोत्र कुठलं. मंदारने सगळं सांगितलं. आपली वडीलधारी माणसं हे सगळ्यांनाच विचारतात, त्यात काय विशेष? न्यूकॅसलला कोण असतं म्हटल्यावर हा म्हणाला, घरचं माणूस आहे. लीड्सच्या पुढे काका म्हणाले, "आमच्या पुतणीला उंच मुलगाच हवा होता."

बाहेर धो धो पाऊस, मोटरवे, आणि गौरीचा शुक्रवार. लग्न झालंय म्हणालो आणि इथेच उतरवलं तर, म्हणून मंदारने ते सांगितलं नाही. खिडकीकडे बघत नुसता हं हं करत राहिला.

घरापाशी पोचल्यावर काका म्हणाले, वर येतो, घरच्यांना भेटूनच जातो. नको कसं म्हणणार? गौरीने दार उघडलं. हा दिवसभराचा उपाशी येणार म्हणून तिने पोहे करून ठेवले होते. काकांसमोर बशी आली. समोर भिंतीवर लग्नाचा फोटो. मुंडावळ्यांसकट.

काकांनी फोटो बघितला. मंदारकडे बघितलं. मंदारने मान खाली घालून सगळं कबूल केलं, शुक्रवारची अटही सांगितली. काकांनी आधी लिंबू मागून घेतलं. सगळे पोहे सावकाश संपवले. मग गौरीला विचारलं, मूळ गाव कुठलं, शिक्षण काय, ट्रेनिंग किती राहिलंय. तिने सांगितलं, अजून तीन महिने.

काकांनी बशी खाली ठेवली, रुमालाने मिशा पुसल्या आणि मंदारला म्हणाले,

"मुलगी पसंत आहे. पुढच्या वेळी दोन वाजता चेस्टर स्टेशनबाहेर उभा राहा."